पुठ्ठ्यावरचा एक शब्द

‘नॉर्मा रे’ या १९७९ च्या सिनेमातला एक सीन अनेकांनी पाहिलेला असतो, निदान ऐकलेला तरी असतो. पण खरी गोष्ट त्या सीनच्या आधी आणि नंतर घडते. या वीकेंडला निवांत बसून बघावा असा हा सिनेमा, आणि त्याच्यामागची खरीखुरी बाई.

‘युनियन’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? गेल्या महिन्याभरात मी हा प्रश्न बऱ्याच जणांना विचारला. लाल झेंडे. गेटसमोरचा मांडव. घोषणा देऊन बसलेला आवाज. बंद पडलेली कंपनी. एकाने तर सरळ सांगून टाकलं, ‘ते आमच्यासाठी नाही गं. आम्ही व्हाइट कॉलरवाले.’

यात त्यांची चूक आहे असंही नाही. आपल्याला युनियन दाखवली कुणी? सिनेमाने. ‘दीवार’मध्ये (१९७५) कामगारांचा प्रामाणिक पुढारी घरच्यांच्या जिवासाठी कागदावर सही करतो आणि आयुष्यभर तोंड लपवत फिरतो. ‘नमक हराम’मध्ये (१९७३) मालकाचा दोस्तच युनियनमध्ये घुसतो. आपल्या मराठी ‘सिंहासन’मध्ये सतीश दुभाषींचा डिकास्टा आहे, पण तो राजकारणाच्या पटावरचा एक खेळाडू. या सगळ्या सिनेमांत युनियन आधीच असते. पहिल्या रिळापासून तिथे तयार. ती मुळात बनते कशी, पहिला माणूस दुसऱ्याला नेमकं काय सांगतो, तिसरा का ऐकतो आणि चौथा का घाबरतो, हे कुणी दाखवतच नाही.

‘नॉर्मा रे’ तेच दाखवतो. म्हणून चाळीसहून जास्त वर्षं उलटल्यावरही तो जुना वाटत नाही.

कापसाचा बर्फ

अमेरिकेच्या दक्षिण भागातलं हेन्लीव्हिल नावाचं एक काल्पनिक गाव. गावात एकच मोठी गोष्ट, कापड गिरणी. आजोबा तिथे, आई-बाबा तिथे, आपण तिथे आणि बहुतेक आपली पोरंही तिथेच. नॉर्मा रे तिशीच्या आसपासची. नवरा वारलेला, दोन मुलं, राहायला आई-वडिलांकडे. फटकळ, हसरी आणि गावाच्या भाषेत ‘वाया गेलेली’. ही आपली हिरोईन.

दिग्दर्शक मार्टिन रिट यांनी शूटिंगसाठी सेट लावला नाही. अलाबामा राज्यातल्या ओपेलायका गावातल्या एका खऱ्या गिरणीत सिनेमा शूट झाला. गिरणगावात ज्याला साचेखातं म्हणायचे तसलं ते खातं, ओळीने धडधडणारे माग आणि हवेत तरंगणारे कापसाचे तंतू. लोकांच्या केसांवर, खांद्यांवर बर्फ पडल्यासारखा कापूस साचलेला. दिसायला सुंदर, पण हाच कापूस वर्षानुवर्षं छातीत गेला की बिसिनोसिस होतो. तिथले लोक त्याला ‘ब्राउन लंग’ म्हणायचे. गिरण्यांमधल्या कापसाच्या धुळीवर मर्यादा घालणारा अमेरिकन सरकारचा नियम आला तो १९७८ मध्ये, म्हणजे सिनेमा यायच्या जेमतेम वर्षभर आधी.

आणि आवाज! सुरुवातीलाच जेवणाच्या सुट्टीत नॉर्मा रे आईशी बोलायला जाते आणि आईला काही ऐकूच येत नाही. मशिनच्या आवाजाने कान बंद झालेत. ती आईला कंपनीच्या डॉक्टरकडे ओढत नेते. डॉक्टर शांतपणे म्हणतो, होतं असं, जाईल. बस्स. या एका छोट्या प्रसंगात सगळं आलं. कंपनी कुणाला मारत नाही, कुणावर ओरडत नाही. फक्त ‘होतं असं’ म्हणते. ऑफिसात हे वाक्य आपण किती वेळा ऐकलंय, आठवून बघा.

मग गावात न्यूयॉर्कहून रूबेन येतो. युनियनचा माणूस. पुस्तकं वाचणारा, शहरी, ज्यू. नॉर्मा रेने आयुष्यात कधी ज्यू माणूस पाहिलेला नाही. तो पहाटे गिरणीच्या गेटवर उभा राहून पत्रकं वाटतो. लोक ती घेतात आणि चुरगाळून टाकतात. तो पुन्हा दुसऱ्या दिवशी येतो. हिंदी सिनेमाच्या सवयीने आपल्याला वाटतं, आता या दोघांचं जमणार. जमत नाही. नॉर्मा रे लग्न करते ते सनीशी, गावातल्याच एका साध्या मुलाशी. रूबेन आणि ती शेवटपर्यंत सहकारी राहतात. अगदी शेवटच्या फ्रेमच्या आधी दोघं निरोप घेतात तेही हस्तांदोलन करून. मला विचाराल तर सिनेमातला सगळ्यात रोमँटिक क्षण तोच आहे.

‘ही तर रिटेन्शन पॉलिसी!’

मध्यंतरी ठाण्यात एका मैत्रिणीच्या घरी आम्ही सहा जणांनी हा सिनेमा एकत्र पाहिला. दोघं आयटीवाले, एक बँकेत, एक जाहिरातीत, एक एचआरमध्ये आणि मी, म्हणजे ना पगार ना पीएफ अशी फ्रीलान्सर. पिझ्झा वगैरे सगळं साग्रसंगीत. पहिली वीस मिनिटं सगळे मोबाइलमध्ये होते. मग तो प्रमोशनचा प्रसंग आला.

नॉर्मा रे फार बडबड करते हे मॅनेजमेंटच्या लक्षात येतं. तिला काढून टाकत नाहीत. तिला बढती देतात. ‘स्पॉट चेकर’ करतात, म्हणजे हातात वही घेऊन बाकीच्यांच्या कामाचा वेग मोजायचा. पगार थोडा जास्त. ती खूश होते. आणि एका दिवसात तिच्याशी बोलायचं सगळे बंद होतात. तिचा स्वतःचा बापसुद्धा तिच्या घड्याळाखाली काम करतोय. ती जाऊन सांगते, नको मला हे.

‘ही तर रिटेन्शन पॉलिसी!’ एचआरवाली मैत्रीण जवळजवळ ओरडलीच. ‘जो जास्त प्रश्न विचारतो त्याला टीम लीड करा. आठवड्याभरात तोच बाकीच्यांना गप्प करतो.’ सगळे हसले. आयटीवाल्यांपैकी एक मात्र हसला नाही. तो नुकताच टीम लीड झालाय.

या प्रसंगानंतर सगळ्यांनी मोबाइल खाली ठेवले.

सिनेमाचं बळ हे आहे. त्यात खलनायक नाही. सुपरवायझर वाईट माणसं नाहीत, ते नुसते नियम पाळतात. नॉर्मा रेचे वडील कामावर असताना त्यांचा हात बधिर होतो. ते सांगतात, बरं वाटत नाहीये. सुपरवायझर म्हणतो, सुट्टी होईपर्यंत थांब. ते थांबतात आणि मशिनपाशीच कोसळतात. कुणी त्यांचा खून केलेला नाही. पण ब्रेक कधी घ्यायचा हे ठरवायचा हक्क त्यांच्याकडे नव्हता. युनियन कशासाठी हवी, यावर रूबेनला भाषण द्यावं लागत नाही. तो प्रसंगच ते काम करतो.

तो सीन

आता तो सीन. ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांनीसुद्धा त्याचा फोटो कुठे ना कुठे पाहिलेला असतो.

मॅनेजमेंट नोटीस बोर्डावर एक पत्रक लावतं. मतलब असा की युनियन आली तर काळे लोक सगळं ताब्यात घेतील. गोऱ्या कामगारांना घाबरवायचं, दोघांना एकमेकांपासून तोडायचं. ‘फोडा आणि झोडा’ आपल्याला शिकवायला नको. रूबेनला ते पत्रक शब्दन्‌शब्द हवंय, कारण कायद्याच्या दृष्टीने तो पुरावा आहे. नॉर्मा रे बोर्डासमोर उभी राहून कागद-पेन्सिलने ते उतरवून घ्यायला लागते. थांब म्हणतात, ती थांबत नाही. तिला कामावरून काढतात.

पोलिसांची वाट बघताना ती एक पुठ्ठा उचलते, त्यावर मोठ्या अक्षरांत एकच शब्द लिहिते – ‘युनियन’ – आणि टेबलावर चढून तो डोक्यावर धरते. हळूहळू गोल वळते, सगळ्यांना दिसावा म्हणून. घोषणा नाही. भाषण नाही. बॅकग्राउंड म्युझिकसुद्धा नाही. फक्त मागांचा धडधडाट. मग कुणीतरी एक मशिन बंद करतं. मग दुसरं. मग आणखी एक. एकेक आवाज गळत जातो आणि शेवटी, सिनेमा सुरू झाल्यापासून पहिल्यांदा, त्या खात्यात पूर्ण शांतता पसरते.

सॅली फील्डला या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं, कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कारही मिळाला. त्याआधी अमेरिका तिला ओळखायची ती टीव्हीवरच्या ‘द फ्लाइंग नन’ नावाच्या मालिकेतली उडणारी जोगीण म्हणून. आणि मार्टिन रिट स्वतः १९५० च्या दशकात कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून टीव्हीच्या कामातून बाहेर फेकला गेलेला माणूस. काम जाणं म्हणजे काय, हे दिग्दर्शकाला पुस्तकात वाचायची गरज नव्हती.

पण खरं सांगू? पुठ्ठ्याचा सीन कितीही भारी असला तरी मला जास्त आवडतात ते त्याच्या आजूबाजूचे कंटाळवाणे प्रसंग. नॉर्मा रे मीटिंगसाठी चर्चमध्ये जागा मागते. काळे-गोरे एकत्र बसणार म्हटल्यावर धर्मगुरू नाही म्हणतो. मग ती मीटिंग स्वतःच्या घरात भरवते. ती रात्र रात्र फोन करते, पत्रकं तयार करते. घरी कपड्यांचा ढीग. सनी कुरकुरतो. त्यावर ती जेवण, धुणं, इस्त्री सगळं एकदम करून दाखवते. कामावर जाणारी कुठलीही बाई तो प्रसंग बघून टाळ्या वाजवेल. आणखी एक प्रसंग: रूबेन कोर्टाचा आदेश घेऊन गिरणीत येतो, कशासाठी? तर नोटीस बोर्ड तपासायला! युनियनची नोटीस इतकी उंचावर लावलीय की कुणाला वाचता येऊ नये. ती खाली लावा, हा त्याचा आग्रह. किती क्षुल्लक वाटतं ना? पण हक्क कागदावर असणं आणि तो डोळ्यांच्या पातळीवर असणं, यातला फरक यापेक्षा सोप्या भाषेत मी कुठे पाहिला नाही.

खरी नॉर्मा रे

आता खरी गोष्ट. त्या बाईचं नाव क्रिस्टल ली सटन. नॉर्थ कॅरोलायना राज्यातलं रोनोक रॅपिड्स हे तिचं गाव. तिथे जे. पी. स्टीव्हन्स या कंपनीच्या सात गिरण्या होत्या. ही त्या काळातली अमेरिकेतली दुसऱ्या क्रमांकाची कापड कंपनी. क्रिस्टल लीचं काम टॉवेलच्या घड्या घालायचं. पगार तासाला २.६५ डॉलर.

तिला युनियनशी जोडणारा माणूस म्हणजे इलाय झिवकोविच. तो न्यूयॉर्कचा नव्हता, वेस्ट व्हर्जिनियातला माजी खाण कामगार होता. पुठ्ठ्याचा प्रसंग मात्र हॉलिवूडने रचलेला नाही. ३० मे १९७३ रोजी तो खरोखर घडला. क्रिस्टल ली कंपनीची नोटीस उतरवून घेताना सापडली, तिला काढलं, तिने पुठ्ठ्यावर ‘युनियन’ लिहिलं, कामाच्या टेबलावर चढली आणि हळूहळू फिरली. लोकांनी मशिन बंद केली आणि बोटांनी विजयाची खूण केली. त्यानंतर पोलीस तिला घेऊन गेले.

तुरुंगातून सुटल्यावर तिने मुलांना बसवून स्वतःच्या भूतकाळाबद्दल सगळं खरं सांगितलं, हेही सिनेमात आहे. कारण लोक बोलणार हे तिला माहीत होतं. बाई आवाज चढवते तेव्हा तिच्या मागण्यांवर कुणी बोलत नाही, तिच्या चारित्र्यावर बोलतात. हे तर आपल्याला मुळीच परकं नाही.

हेन्री लायफरमन नावाच्या पत्रकाराने तिच्यावर पुस्तक लिहिलं, ते आलं १९७५ मध्ये. त्यावरून सिनेमा झाला. पण क्रिस्टल ली सिनेमावर खूश नव्हती. पटकथेवर तिचं काही चाललं नाही. तिला स्वतःपेक्षा लढ्याबद्दलचा सिनेमा हवा होता. गंमत बघा, एकजुटीवरचा सिनेमा, आणि ज्या बाईवर तो आहे तिलाच टेबलावर खुर्ची नाही! तरीही १९८० मध्ये ती ‘खरी नॉर्मा रे’ म्हणून गावोगाव फिरली, युनियनसाठी बोलली. सिनेमाने दिलेलं नाव तिने कामाला लावलं.

मतदान जिंकलं. पुढे?

सिनेमा संपतो मतदानावर. नॉर्मा रे तेव्हा गिरणीत नाही, तिला तर काढलेलं आहे. ती कुंपणाबाहेर रूबेनसोबत उभी आहे. आतून जल्लोषाचा आवाज येतो आणि तिला कळतं. दि एंड.

प्रत्यक्षात मतदान झालं २८ ऑगस्ट १९७४ ला. युनियनच्या बाजूने १,६८५ मतं, विरोधात १,४४८. विजय! पण कंपनीशी करार कधी झाला? ऑक्टोबर १९८० मध्ये. मध्ये सहा वर्षं गेली. म्हणजे सिनेमा आला, सॅली फील्डने ऑस्कर घेतलं, तरी रोनोक रॅपिड्सच्या कामगारांच्या हातात करार नव्हता.

असं का? तर अमेरिकन कायद्याची गाडी अशी चालते: १९३५ च्या कायद्यानुसार किमान ३० टक्के कामगारांच्या सह्या जमल्या की सरकारी बोर्डाकडे मतदानाचा अर्ज करता येतो. बोर्ड गुप्त मतदान घेतं. पडलेल्या मतांत बहुमत मिळालं की कंपनीला युनियनशी बोलणी करावीच लागतात. मेख इथे आहे. बोलणी करणं सक्तीचं आहे, करार करणं नाही. कंपनी चर्चेला बसते, चहा पिते, पुढची तारीख देते. कोर्टात जाते. वेळ काढते. आणि वेळ कुणाला परवडतो हे सांगायला नको.

मग कोंडी फुटली कशी? गेटबाहेर. १९७६ मध्ये स्टीव्हन्सच्या चादरी-टॉवेलांवर देशभर बहिष्काराची हाक दिली गेली. शिवाय युनियनने एक वेगळाच डाव टाकला. स्टीव्हन्सचे संचालक कोणकोणत्या बँका आणि विमा कंपन्यांच्या संचालक मंडळांवर बसतात ते शोधलं आणि त्या बँकांवर दबाव आणला. गिरणीत हलत नसेल तर बोर्डरूममध्ये हलवा. पुढे ‘कॉर्पोरेट कॅम्पेन’ या नावाने हा प्रकार ओळखला गेला. एमबीएच्या केस स्टडीत शोभावी अशी स्ट्रॅटेजी आहे की नाही?

क्रिस्टल लीचं काय झालं? १९७७ मध्ये कोर्टाच्या आदेशाने तिला थकलेल्या पगारासह कामावर परत घ्यावं लागलं. ती गेली, दोन दिवस काम केलं आणि स्वतःहून सोडलं. तेवढंच तिला दाखवून द्यायचं होतं.

आणि आपल्याकडे?

कापड गिरणी आणि मतदान म्हटल्यावर मुंबईकराचं मन गिरणगावात जाणारच. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार होते. आपल्या पिढीला हा संप माहीत आहे तो ‘हट्टाचा संप’ म्हणून, नाहीतर ज्या मॉलमध्ये आपण कॉफी पितो त्याच्या चिमणीमुळे. पण त्यातली एक मागणी फारशी कुणी सांगत नाही. मुंबईत १९४६ चा औद्योगिक संबंध कायदा लागू होता. त्यानुसार त्या भागातल्या उद्योगात ठरावीक सभासद असलेल्या एकाच संघटनेला ‘प्रातिनिधिक’ म्हणून मान्यता मिळायची, आणि मालकांशी बोलणी करायचा हक्क तिचाच. गिरण्यांमध्ये ती मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. कामगारांचं मन दुसरीकडे गेलं तरी ते मोजायला गुप्त मतदान नव्हतं, सभासदांच्या नोंदी होत्या. हा कायदा रद्द करा, ही संपाची एक प्रमुख मागणी होती.

म्हणजे रोनोक रॅपिड्सच्या लोकांना जी मतपेटी मिळाली, ती लालबाग-परळच्या लोकांना मिळालीच नाही. संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही, तो नुसता विरत गेला. त्या घरांचं पुढे काय झालं ते जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकात आहे, आणि त्यावर बेतलेल्या महेश मांजरेकरांच्या ‘लालबाग परळ’मध्ये (२०१०). ‘नॉर्मा रे’ युनियन उभी राहते तिथे संपतो. ‘लालबाग परळ’ सगळं हरल्यावर सुरू होतो. हे दोन सिनेमे लागोपाठ बघाच.

आणि हो, ‘नॉर्मा रे’ बहुतेक तुम्ही रविवारी बघाल. तो रविवारही फुकट मिळालेला नाही. मुंबईतल्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी सह्या गोळा केल्या, अर्ज केले, सभा घेतल्या. १८९० च्या एप्रिलमध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली आणि १० जून १८९० ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. सह्या, अर्ज, सभा. पुन्हा तीच कंटाळवाणी कामं!

पुठ्ठ्याच्या आधीचा तास

ठाण्याला परत येऊ. सिनेमा संपल्यावर आमच्यात जोरात वाद झाला. बँकवाला म्हणाला, हे सगळं गिरण्यांसाठी ठीक होतं, आपण कॉन्ट्रॅक्टवर सही करून जातो, पटलं नाही तर कंपनी बदलतो. जाहिरातवाली म्हणाली, हो, आणि कंपनीला पटलं नाही तर? रात्री एक इमेल येतो आणि सकाळी लॉगिन चालत नाही. एचआरवाली गप्प होती. ते इमेल ड्राफ्ट कोण करतं हे सगळ्यांनाच माहीत होतं.

मी स्वतः कुठल्याही ऑफिसची नोकर नाही, त्यामुळे माझं मत जरा बाहेरचं आहे. पण मला वाटतं, बँकवाल्याचा मुद्दा क्रिस्टल लीच्या गावातही लोक मांडतच असणार. कंपनी बदलणं हा एकट्याचा मार्ग आहे, आणि चांगले दिवस असताना तो मस्त चालतो. प्रश्न वाईट दिवसांचा असतो. २०२२ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर ॲमेझॉनच्या गोदामातल्या कामगारांनी युनियनसाठीचं मतदान २,६५४ विरुद्ध २,१३१ असं जिंकलं. जगभर हेडलाइन झाल्या. पुढे दोन वर्षं उलटली तरी त्यांच्या हातात करार नव्हता. रोनोक रॅपिड्स आठवतंय ना? आपल्याकडे चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला सॅमसंगच्या कारखान्यात २०२४ मध्ये महिन्याहून जास्त काळ संप चालला. त्यातली मुख्य मागणी युनियनला मान्यता द्या हीच. बेंगळुरूमध्ये तर २०१७ मध्येच आयटी कर्मचाऱ्यांची युनियन रजिस्टर झाली. व्हाइट कॉलरवाल्यांचीच.

युनियन चांगली की वाईट, हा निकाल मी देणार नाही. वाईट युनियन्सही असतात, ते ‘सिंहासन’ने दाखवलंय. पण ‘नॉर्मा रे’ बघून माझ्यापुरतं एक पक्कं झालं. टेबलावर चढायला फार मोठं धैर्य लागतं असं आपण समजतो आणि म्हणून ते काम हिरोंवर सोडून देतो. पण ती एकटी पुठ्ठा धरून उभी राहिली तेव्हा मशिन बंद का झाली? कारण त्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी ती आधी जाऊन आली होती. त्यांच्याशी चहावर बोलली होती, त्यांचं नाही ऐकून घेतलं होतं, पुन्हा गेली होती. ते झालं नसतं तर तिला काढलं, पोलीस आले, आणि माग तसेच धडधडत राहिले, एवढीच गोष्ट झाली असती.

क्रिस्टल ली सटन पुढे नर्सिंग असिस्टंट झाली. शेवटी तिला मेंदूचा कॅन्सर झाला. औषधाचा खर्च द्यायचा की नाही यावर विमा कंपनीने आधी आढेवेढे घेतले आणि उपचार सुमारे दोन महिने लांबले, हे तिने स्वतः २००८ मध्ये स्थानिक वर्तमानपत्राला सांगितलं होतं. ११ सप्टेंबर २००९ ला ती गेली. स्टीव्हन्स कंपनी त्याच्या बरीच आधी, १९८८ मध्ये, विकली जाऊन वाटली गेली होती. गिरण्या गेल्या, कंपनी गेली. पुठ्ठ्यावर एक शब्द धरून उभी असलेली बाई मात्र अजून आहे. २०११ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तो सिनेमा कायमच्या जतनासाठी निवडला.

तेव्हा या रविवारी लावाच. फक्त एक करा. तो सीन यूट्यूबवर आधी शोधू नका. पहिल्यापासून बघा, फोन बाजूला ठेवून. शांतता काय असते ते कळायला आधीचा दीड तास तो आवाज ऐकावा लागतो.

आवडला? मग हेही बघा

द मॉली मॅग्वायर्स (१९७०): मार्टिन रिट यांचाच. कोळसा खाणीतले आयरिश कामगार आणि त्यांच्यात घुसलेला गुप्तहेर. शॉन कॉनरी, पण बाँडगिरी नाही.

ब्रेड अँड रोझेस (२०००): केन लोच. लॉस एंजेलिसच्या चकाचक ऑफिसांत रात्री झाडू मारणारे सफाई कामगार. आपल्या ऑफिसातल्या मावशींकडे नव्याने बघाल.

मेड इन डॅगनहॅम (२०१०): १९६८ मध्ये इंग्लंडमधल्या फोर्डच्या कारखान्यात सीट कव्हर शिवणाऱ्या बायकांचा संप. हसवत हसवत समान पगारापर्यंत नेतो.

मेड इन बांगलादेश (२०१९): रुबैयत होसेन. ढाक्यातल्या कपड्यांच्या कारखान्यातली एक मुलगी युनियन रजिस्टर करायला निघते. आपल्या कपाटातल्या टी-शर्टचं लेबल बघावंसं वाटेल.

लालबाग परळ (२०१०): वर सांगितलंच आहे. मन घट्ट करून बसा.